गुडघा कोणाचा?

...नाही, मोठाच आहे, तो मोठा नाही असं म्हणणारा मी कोण? पण काकू, तुम्ही आत्ता त्या टीव्हीकडे बघून शेजारच्या बाईंना जे म्हणालात ना, 'काय दिग्दर्शक आहे बाई, एका आवाजात माणसाचं आख्खं आयुष्य दाखवतो', तिथे माझा गुडघा ठणकला. खरंच ठणकला हो, त्याच्यासाठीच आलोय, नाहीतर हाडांच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये हौसेनं कोण बसतं? काउंटरवरची बाई म्हणत्येय डॉक्टर दहा मिनिटांत येतील, म्हणजे तासभर काही मरण नाही, तेव्हा तुम्हाला सांगतो, सगळ्यांनाच सांगतो. त्या कोपऱ्यातल्या टोपीवाल्यांना ऐकायचं नसेल तर त्यांनी आपला पेपर तोंडापुढे धरलाय तसाच धरून ठेवावा. तर तो आवाज. जिन्यावरचा. म्हातारा बाप बारा वर्षांनी लेकीच्या घरचा जिना चढतो, शेवटच्या पायरीवर टेकतो, उठतो, आणि 'कट्'. ज्या 'कट्'वर परदेशातले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तो 'कट्' गुडघ्याचा आहे. आणि गुडघा कोणाचा? माझा.

आता तुम्ही म्हणाल, हा कोण टिकोजीराव? मी पायवाला. स्टुडिओत सगळे मला पायवालाच म्हणतात, माझं खरं नाव फक्त बायकोला आणि लाइट बिलाला ठाऊक आहे. त्याचं काय असतं, शूटिंगला भोवती शंभर माणसं, गाड्या, कुत्री, जनरेटर, त्यात नटाच्या पावलांचा आवाज कुठला यायला? म्हणून नंतर बंद खोलीत पिक्चर लावतात, आणि मी पडद्याकडे बघत प्रत्येकाची पावलं चालतो. हीरोची, हिरॉइनची, व्हिलनची, इन्स्पेक्टरची. जमिनीत चौकोनी खड्डे केलेत, एकात वाळू, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकूड. वाळक्या गवतातून चालायचं तर जुन्या टेपची भेंडोळी पसरायची आणि बर्फातून चालायचं तर कापडी पिशवीत पीठ भरून दाबायचं. तेहतीस वर्षं मी एका खोलीत जागच्या जागी चालतोय. हिशेब केला तर पृथ्वीला अर्धी फेरी झाली असेल, पण दारापर्यंत काही पोचलो नाही.

आणि हा. तुमचा टीव्हीवरचा. मी त्याला दादा म्हणतो, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. हिंदीतला एवढा गाजलेला दिग्दर्शक, पण हिंदी पिक्चर म्हणायचं तरी कशाला? दोन तासांच्या पिक्चरमध्ये चौदा वाक्यं! मी मोजलीत. त्यातलं एक 'अच्छा' आणि दोन वेळा 'हूं'. बाकी सगळी शांतता. आणि छापून काय येतं? 'त्यांची शांतता बोलते.' अहो, बोलते कशी? शांतता म्हणजे टेप कोरी सोडली असं वाटलं की काय तुम्हाला? तसं केलं तर लोक ओरडतील मशिन बिघडलं म्हणून. लांबून घड्याळ लागतं, नळाचा थेंब लागतो, खुर्ची किंचित कुरकुरावी लागते, तेव्हा कुठे ती शांतता ऐकू येते. त्याची सगळी शांतता मी माझ्या हातापायांनी केलेली आहे.

पहिला पिक्चर चौकीदाराचा. बंद पडलेल्या गिरणीत एकटा फिरणारा चौकीदार. शूटिंगला हीरोला बूट चावत होते म्हणून तो रबरी चपलेत फिरला, कॅमेरा वर धरला, आणि इथे बूट कोणी घातले? मी. तीन हप्ते गिरणीभर हिंडलो. थिएटरला चार दिवस चालला. पाचव्या दिवशी थिएटरवाल्याचा फोन, 'साहेब, डोअरकीपर एकटा बसून घाबरतोय.' आणि तिकडे परदेशात कुठल्याशा महोत्सवात तोच पिक्चर पहिला आला. का? तर 'पावलांतून एकटेपणा ऐकू येतो.' दादा बक्षीस घेऊन आला, माझ्यासाठी विमानातलं चॉकलेट आणलं. वितळलेलं.

दुसरा नर्सचा. आता नर्स उंच टाचांची, आणि माझा पाय नऊ नंबर. नऊ नंबरची बायकांची सँडल मिळते कुठे? चांभाराकडून करवून घेतली, लाल, बक्कलवाली, आणि सवय व्हावी म्हणून घरी घेऊन गेलो. बायकोनं पिशवी उघडली. "अहो, हे कोणाचं?" म्हटलं, माझं. तिनं सँडल माझ्या पायाशी धरून बघितली, मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं असतं तर निदान भांडता आलं असतं." त्या नर्सला उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. स्टेजवर रडली बिचारी, 'ती चाल शिकायला मला सहा महिने लागले.' मला नऊ दिवस लागले आणि पाठीत उसण भरली.

आणि तिसरा, जिन्यावरचा बाप. पस्तिशीचा होतो मी तेव्हा. महिनाभर आधी बुटांच्या कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली आलो होतो, शिडीसकट, आणि उजवा गुडघा वाजायला लागला होता. बाप पायरीवर टेकला तसा मी टेकलो, बाप उठला तसा मी उठलो, आणि 'कट्'. चुकून हो! काचेपलीकडे रेकॉर्डिस्टबाई बसतात, आमच्या बाईंचा चेहरा असा की बिल्डिंगला आग लागली तरी 'पुढचा टेक' म्हणतील, त्यांनी मान वर केली. मी म्हटलं सॉरी, परत घेऊ. आणि मागून दादा. त्याचं बोलणं तुम्हाला माहीत नाही, एक शब्द टाकतो आणि दुसरा शोधायला गावाला जातो. "थांब... पायवाल्या... हा... राहू दे." राहिला. त्या 'कट्'वर एका चष्मेवाल्या समीक्षकानं अख्खं पान लिहिलं, 'या एका आवाजात एक पिढी मोडून पडते.' पिढी कसली, शिडी! मुलाखतीत दादाला विचारलं, हा आवाज सुचला कसा? हा म्हणतो, "तो... आतून आला." आतून आला हे खरंच आहे. कोणाच्या आतून, ते कोणी विचारलं नाही. अहो, गुडघा कोणाचा? माझा.

मग काय, प्रत्येक पिक्चरमध्ये एक 'कट्' आलाच पाहिजे. जज्ज निकाल देऊन उठतो, कट्. शिक्षिका खडू उचलते, कट्. एका पिक्चरमध्ये तर आठ वर्षांची मुलगी फुलपाखरू बघून उठते आणि कट्. मी म्हटलं, दादा, अरे आठ वर्षांची आहे ती, तिचा गुडघा कशाला वाजेल? "वाजेल." बरं. चष्मेवाला म्हणाला, 'बालपण तुटल्याचा आवाज.' आणि इतकं सगळं होऊन पडद्यावर माझं नाव? नाही. शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी अकरा नावं येतात, त्याच्या प्रत्येक पिक्चरला अकराच. त्याचं म्हणणं, अकरा नावांपर्यंत लोक बसतात, बारावं आलं की उठतात, खुर्च्या धडाधड आपटतात आणि पिक्चरची शांतता मोडते. आहे की नाही? माझ्या आवाजाची शांतता मोडू नये म्हणून माझंच नाव नाही!

तुम्ही म्हणाल, मग सोडलं का नाहीस? तेच बायको म्हणायची. सोडणार होतो, देवाशप्पथ सोडणार होतो. सातव्या पिक्चरच्या वेळी त्याला कुणी निर्मात्यानं भरीला घातलं, 'साहेब, एकदा सहा गाणी घालून बघा.' घातली. गाण्यात पावलं कोण ऐकतो? पहिल्यांदाच मला बोलावणं नाही. मनातून म्हटलं, बघू आता कसा चालतो. आणि तो पिक्चर असा झोपला की पेपरवाल्यांनी याला म्हातारा, संपलेला, काय वाट्टेल ते म्हटलं. मला बरं वाटायला हवं होतं की नाही? वाटलं नाही. त्यानंतर चार वर्षं त्याला कुणी दारात उभं केलं नाही. दर रविवारी आमच्याकडे यायचा, खिडकीपाशी बसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. एक शब्द नाही. बायको म्हणायची, "काही बोलले का हो?" मी म्हणायचो, आज कप जरा हळू ठेवला. मी आवाजाचा माणूस, मला कळायचं. आणि एका रविवारी मी खाली पडलेला चमचा उचलला, उठलो, कट्. त्यानं वर बघितलं. "अजून... वाजतो?" वाजतो की. "मग... करू या एक." तुम्हाला सांगतो, त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं बंद पडलेला माणूस कशानं सुरू झाला? माझ्या गुडघ्यानं. तो पिक्चर म्हणजे आजवरचा सगळ्यात मोठा, तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, आणि त्यालाही नावं किती? अकरा.

आता शेवटचा. गेल्या वर्षी याच डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो काढून भिंतीवर लावला, 'काका, यात उरलंय काय? बदलू या. नवा गुडघा हूं की चूं करायचा नाही, गॅरंटी.' बायकोनं तिथल्या तिथे तारीख घेतली. दुसऱ्या दिवशी दादा दारात. याला कोणी सांगितलं कोण जाणे. "तारीख... पुढे ढकल. शेवटचा पिक्चर आहे." म्हटलं, ढकलतो, पण पडद्यावर माझं नाव. "अकराच..." म्हटलं, मग बारावं. "लोक... उठतात." उठू देत! सव्वीस वर्षं मी उठतोय आणि बसतोय, एकदा लोकांनी उठावं. पाय माझा आहे, मी तो कापून टाकीन नाहीतर त्याच्यावर झेंडा लावीन, पण बिनानावाचा आता एकही टेक देणार नाही. मग तो गप्प बसला. त्याची ती गाजलेली शांतता. भले भले निर्माते तिच्यापुढे विरघळलेत. पण माझ्यापुढे ती काय चालणार? मला माहीत आहे ती कशी करतात! मीही गप्प. बायको दोनदा आत येऊन आम्ही जागे आहोत का बघून गेली. शेवटी तोच म्हणाला, "ठीक... बारावं." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला शांततेत हरवलं.

सीन असा. निवृत्त म्हातारा घर कायमचं सोडून निघालाय. सात मिनिटं, एक शब्द नाही. खोल्यांतून फिरतो, खिडक्या लावतो, कुलूप घालतो, वाकून किल्ली पायपुसण्याखाली ठेवतो आणि उठतो. कट्. संपलं. सात मिनिटांची पावलं मी एका दमात दिली, जुने कातडी पंप शू घालून, अशी चाल आजवर चाललो नव्हतो. वाकलो, किल्ली ठेवली, उठलो, आणि...

काही नाही.

परत. वाकलो, उठलो. काही नाही! अहो, जो गुडघा लग्नात वाजला, मयताला दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे असताना वाजला, बायको म्हणते झोपेतसुद्धा वाजतो, तो रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की मुका. बाई काचेआडून, "पुढचा टेक." स्टुलावर चढलो, उतरलो, उकिडवा बसलो, थंड पाण्याची पट्टी लावली, गरम पाण्याची लावली. एकेचाळीस टेक! मध्ये चहा आला, दिवा बंद केला, कप घ्यायला वाकलो आणि कट्, खणखणीत! सगळे धावले, दिवा लावला... मुका. बाई म्हणाल्या, "गाजर मोडू या का? बाकी सगळे हाडांना गाजरच मोडतात." मला इतका राग आला. गाजर? सव्वीस वर्षं अस्सल माल दिला मी, आता गाजर? बाई म्हणाल्या, "मग जिन्यावरचा जुनाच लावू." त्यावर दादा मागून, "नाही... तो बाप... वेगळा होता." हे मात्र त्याचं बरोबर होतं. त्या वेळी मी पस्तिशीचा होतो, म्हातारा झाल्याचं नाटक करत होतो. आता नाटक करायचं कारण नव्हतं आणि आवाज येत नव्हता.

संध्याकाळ झाली. मी खाली बसलो ते उठेचना. डोळ्यांसमोर ते बारावं नाव दिसायला लागलं, दिसता दिसता पुसट होत चाललेलं. आवाजच नाही तर नाव कशाचं? मीच म्हटलं, दादा, खोडून टाक. तो खुर्चीत मागे बसलेला. "राहू दे," म्हणाला. "आवाज... राहू दे. नाव... राहील. शब्द दिलाय." आणि मला हात द्यायला खुर्चीतून उठला.

कट्.

आम्ही तिघांनी दिव्याकडे बघितलं. लाल. चालू. बाई म्हणाल्या, "हा चांगला आला."

आता मला सांगा, काय करायचं माणसानं? मी विचारलं, हा कधीपासून वाजतोय? "चार... वर्षं." आणि मला सांगितलं नाहीस? तर म्हणतो, "तुला... वाईट वाटलं असतं." वाटलंच की! सव्वीस वर्षं मी म्हणतोय गुडघा कोणाचा, गुडघा कोणाचा, आणि याच्याकडे स्वतःचा तयार असताना हा माझ्या दारात येऊन तारीख पुढे ढकल म्हणत होता. मी म्हटलं, तुझा आवाज, तूच तुझं नाव लाव. तर मान हलवली. "माझं... आहे एक. तुझं... बारावं."

पहिल्या खेळाला बायकोला घेऊन गेलो. सात मिनिटं थिएटरात कुणी खोकलं नाही. कट् झाला तेव्हा शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. मग काळा पडदा. एक, दोन, तीन... अकरापर्यंत सगळे बसून, दादाचं गणित पक्कं. बारावं आलं आणि धडाधड उठले! माझ्या पुढे एक सहा फुटी माणूस उभा, त्याच्या कानाच्या अलीकडे माझं नाव आणि पलीकडे माझं आडनाव. बायकोनं माझा दंड धरला, "आलं हो, आलं." कधी नाही ती खुर्चीवर चढली. मी खालून तिची खुर्ची धरून उभा.

आणि रविवारी चष्मेवाल्याचं पान. सगळं कौतुक, अक्षर न् अक्षर कौतुक, आणि शेवटचा परिच्छेद पाठच आहे माझा, म्हणून दाखवतो. 'मात्र या चित्रपटात पावलांच्या आवाजासाठी प्रथमच एका नव्या माणसाचं नाव दिसतं, आणि दुर्दैवानं फरक जाणवतो. शेवटचा गुडघ्याचा आवाज कृत्रिम वाटतो. दिग्दर्शकाच्या जिन्यावरच्या त्या अस्सल आवाजाची सर याला नाही.' नवा माणूस! तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल काही पेपरात छापून आलं. माझा गुडघा आयुष्यभर त्याच्या नावावर वाजला आणि वाहवा झाली. त्याचा गुडघा एकदाच, एकदाच हो, माझ्या नावावर वाजला तर तो खोटा! आता काय चष्मेवाल्याला पत्र लिहू? की साहेब, ज्याला तुम्ही खोटा म्हणता तो दस्तुरखुद्द साहेबांचा आहे? दादाला फोन केला, वाचलंस का? तो हसला. खो खो हसला. असा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता, आणि नेमका रेकॉर्ड केलेला नाही.

तरी मी सांगतो, जाऊन सांगा कुणालाही, मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. आज माझा गुडघा काढणार आहेत. डॉक्टरांना सांगितलंय, काढलेला फेकायचा नाही, बाटलीत घालून द्या, स्टुडिओतल्या बुटांच्या कपाटात ठेवीन, चव्वेचाळीस जोडांच्या वर. कुणी आलं, काय आहे म्हणालं, तर... काय हो बाई? डॉक्टर आले? पहिला नंबर माझा ना? मी सकाळी सातपासून बसलोय. काय? कोणाचं नाव पुकारलंत?

नाही काकू, दचकू नका, नाव बरोबर ऐकलंत तुम्ही. तो कोपऱ्यातला टोपीवाला. तोच. त्याच्याही गुडघ्याचं आजच आहे, दोघांना सोबत होईल म्हणून बायकोनं एकच तारीख घेतली. तासभर ऐकतोय सगळं, पेपरचं एक पान उलटलं नाही त्यानं, माझं लक्ष होतं. जा दादा, जा, तुझंच नाव आधी यायचं, ते काय आज नवीन आहे? ऊठ, सावकाश...

ऐकलंत? आता तुम्हीच सांगा, खरा वाटला का?